किचनशेडची काळी भिंत

"विषय तुमचा," उमाशंकर सर म्हणाले, खडू खिशात टाकला आणि खुर्चीवर बसले.

आम्ही आठवी ब, एक्केचाळीस जण, रिकाम्या फळ्याकडं बघत राहिलो. दरवर्षी वार्षिक परीक्षेआधी सर चित्रकलेचा विषय फळ्यावर लिहून द्यायचे. आवडता सण, बाजाराचं दृश्य, झाडे लावा. आम्ही तो वहीत उतरवून घ्यायचो आणि विषय काहीही असला तरी देखावा काढायचो. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीशेजारी नारळ. सण असला तर झोपडीला तोरण.

दिग्विजयला गप्प बसवत नाही. त्यानं हात वर केला.

"सर, विषय आमचा म्हंजी कुठला?"

"तो तुला माहीत."

"मग देखावाच काढतो की."

सरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुझ्या घरामागं काय आहे रे?"

"पवनचक्क्या हायती."

"डोंगर?"

"न्हाय."

"नदीत होडी?"

"नदीतच पाणी न्हाय सर, होडी कुठली."

वर्ग हसला, सरही हसले. मग म्हणाले, बावीस वर्षं मी पोरांना विषय देतोय आणि बावीस वर्षं पोरं मला तोच एक सूर्य परत देतायत. त्यामुळं यंदा विषय तुमचा, साहित्य तुमचं, जागाही तुमची. पंधरा दिवस घ्या. अट एकच. तपासायला येईन त्या सोमवारी आपल्या कामाशेजारी उभं राहायचं आणि हे कुणाचं आहे, का केलंय, ते शेवटच्या पोरापर्यंत ऐकू जाईल असं सांगायचं.

"आवाज निघाला नाही, तर श्रेणी नाही," सर म्हणाले, आणि का कोण जाणे, माझ्याकडंच बघून म्हणाले.

का कोण जाणे कशाला, मला माहीत होतं. आज मी एवढं लिहितेय, पण मार्चपर्यंत माझा आवाज 'हजर' म्हणण्यापुरताच निघायचा. तोसुद्धा दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर.

*

आमची शाळा नळदुर्गच्या अलीकडं, हायवेला लागूनच आहे. पाचवी ते दहावी. शाळेच्या मागं पत्र्याच्या छपराचं किचनशेड आहे आणि त्या शेडात चौदा वर्षं खिचडी शिजवणारी बाई म्हणजे दैवशाला. सगळी शाळा तिला मावशी म्हणते. मीही मावशीच म्हणत होते. ती माझी आई आहे.

पाचवीच्या पहिल्या दिवशी मी ताट घेऊन रांगेत पळत गेले होते आणि आई म्हणून हाक मारणार, तेवढ्यात तिनं माझ्या ताटात एक डाव वाढला आणि हळूच म्हणाली, "हितं मावशी म्हन. न्हायतर म्हनतील, लेकीला जास्तीचं वाढती." मी लगेच हो म्हटलं. जरा जास्तच लगेच म्हटलं. तिचं कारण खरं होतं. माझं कारण वेगळं होतं, ते मी तिला कधी सांगितलं नाही. तिच्या पदराला धुराचा वास यायचा, आणि तो वास माझ्या घरचा आहे हे कुणाला कळू नये असं मला वाटायचं. झालं, लिहून टाकलं.

ही नोकरी तिला मिळाली तेव्हा मी पाच महिन्यांची होते. पप्पा तेव्हाही गवंडीकामाला सोलापूरलाच. त्यामुळं मी शेडातच, आढ्याला बांधलेल्या झोळीत. त्या वर्षी पटावर शहाण्णव पोरं होती. त्यातली अकरा पोरं भीमनगरातल्या बाईच्या हातचं नको म्हणून घरनं डबा आणायची. हे आई कधी रडून सांगत नाही. भाजीला मीठ किती टाकलं ते सांगावं तसं सांगते. ती दोन महिने रोज शहाण्णवांचंच शिजवायची आणि अकरांचं घंटा होईपर्यंत झाकून ठेवायची. कुणी तरी विचारलं, कशाला गं, ती काय खात्यात व्हय? तर म्हणाली, हजेरी लागली की त्याचं माप पडतंय, खायचं का न्हाय ते त्याचं त्यानं बघावं.

त्या अकरांतला पहिला ताट घेऊन आला तो आमच्या दिग्विजयचा काका, बलभीम. आता तो हैदराबादच्या बाजूला ट्रक नेतो. शाळेजवळ आला की दोनदा हॉर्न देतो आणि आई शेडातल्या शेडात मान हलवते, जसा काही तो तिला दिसतोय.

खिचडी आठवीपर्यंतच असते. नववीला नाही. म्हणजे त्या रांगेत माझे शेवटचे काही आठवडे राहिले होते, आणि चार वर्षं मी तिथं मावशी मावशी करत उभी होते. सर विषय तुमचा म्हणाले तेव्हा माझ्या डोक्यात लगेच तिचाच विषय आला. लगेच मी तो ढकलूनही दिला, कारण त्याच्याशेजारी उभं राहून बोलायचं होतं.

*

तरी चार दिवसांनी मी तिला कागदावर काढलं. काही जमलं नाही. चेहरा केला तर पाठ्यपुस्तकातल्या बाईसारखा झाला, गोरा आणि हसरा. मी त्यात तपकिरी भरला, तर माती फासल्यासारखा दिसायला लागला. तीन कागद फाडले. वृषालीनं तोवर बांगड्यांचा मोर निम्मा केला होता आणि दिग्विजय सायकलचं चाक आणि जुना पंखा घेऊन पवनचक्की बनवत होता. वर्गात आल्यावर रोज सांगायचा, आज एक पातं फिरलं.

शुक्रवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आईची वाट बघत शेडात बसले होते. ती बाहेर नळावर पातेली घासत होती. दिवाळीनंतर शेडात गॅस आलाय, त्यामुळं मागची चूल थंडच असते. पण चुलीमागची भिंत अजून तशीच आहे. चौदा वर्षं तुराट्या आणि पऱ्हाट्या जळल्यात तिथं. भिंत नुसती काळी नाही, मखमलीसारखी काळी. माझ्या हातात कंपासपेटीतलं कर्कटक होतं आणि मी उगाच भिंतीला टोक लावून ओढलं.

पांढरी रेघ उमटली.

खाली जुना चुना होता. मी आणखी एक ओढली. मग एक गोल. मग पापणी. अर्ध्या मिनिटात काळ्यातून एक डोळा माझ्याकडं बघायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी तशीच पळत शिक्षकखोलीपाशी गेले आणि दारातून, बोलावलं नसताना, बोलले.

"सर, जागा पण आमचीच म्हणालात ना?"

सर आले. भिंतीसमोर वाकून तो डोळा बघितला. बोटाचं टोक काजळीला लावलं आणि ते काळं बोट बघत म्हणाले, "यात खोडरबर नाही, बरं का क्षमा. एकदा रेघ ओढली की ओढली."

"व्हय सर."

"वरून खाली ये. नाही तर हात घासून खालचं सगळं पुसेल." मग जाता जाता दारात थांबले. "आणि उजेड तेवढा काढ. काळं काढायचं नाही, काळं राखायचं."

हे वाक्य मला रात्रभर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी काम करताना कळलं. कागदावर मी आईचा रंग शोधत बसले होते. इथं तो भिंतीतच होता. तिचं कपाळ, गाल, मान, सगळं धुरानं आधीच करून ठेवलेलं. मला फक्त गॅसच्या बाजूच्या खिडकीतून तिच्यावर पडणारा उजेड खरवडायचा होता. गालाच्या हाडावर एक रेघ, नाकाच्या शेंड्यावर ठिपका, कानातलं फूल. आई दिसायला लागली. खरीखुरी, काळीसावळी, मान जराशी वाकडी करून वाढणारी.

मी कर्कटक वापरलं, खिळा वापरला, सरांनी दिलेली सायकलची तार वापरली. केसांसाठी मोडका कंगवा. भिंतीच्या डाव्या बाजूला आई आणि पातेलं, उजव्या बाजूला रांग. पहिल्या वर्षाची रांग, शहाण्णव पोरं. मोजून शहाण्णव. सगळ्यांच्या हातात ताट, त्या अकरांच्याही. मी तेव्हा झोळीत होते, तरी स्वतःलाही मधेच साठावी का एकसष्टावी घुसवलं होतं, दोन उंच पोरांच्या मागं, निम्मं तोंड झाकलेली.

रोज काम झालं की भिंतीवर तांदळाची रिकामी पोती टांगायची. आईनं एकदा विचारलं, काय खरडत असतीस गं चुलीमागं? सरांचं प्रोजेक्ट आहे म्हटलं. तिला वाटलं, पोत्यांचंच काहीतरी असेल. सरांच्या कामात तिनं कधी डोकं घातलं नाही.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी शहाण्णवावं पोर पुरं झालं. मी पोती टांगली आणि घरी उड्या मारत गेले. रविवारी मी पप्पांकडं सोलापूरला गेले; रात्री परतले तेव्हा आई झोपली होती, आणि सकाळी उठले तेव्हा ती शाळेत गेलेली.

*

सोमवारी शाळेच्या फाटकातच चुन्याचा वास आला.

मी पळाले. दप्तर पाठीवर आपटत होतं. शेडाच्या तीन भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. पोती जमिनीवर घडी घालून ठेवलेली. चौथ्या भिंतीचा उजवा भागही पांढरा. रांग नव्हती. शहाण्णव पोरं चुन्याखाली गेली होती.

आई चुलीच्या कट्ट्यावर बसली होती. शेजारी चुन्याची बादली, बादलीत उभा ब्रश. साडीवर, हातावर, केसांवर चुन्याचे ठिपके. ती आपली बसून भिंतीच्या डाव्या, काळ्या भागाकडं बघत होती.

तिनं सांगितलं ते असं. सोमवारी अकरा वाजता आहाराची तपासणी होती. दरसाल तपासणीवाले येतात, खिचडीची चव घेतात, चांगली आहे म्हणतात आणि वहीत शेरा लिहितात, किचनशेडच्या भिंती अस्वच्छ. चौदा वर्षं तोच शेरा. यंदा धूर बंद झालाय, तर एकदा तरी पांढरं करून दाखवू, म्हणून ती रविवारी एकटीच ब्रश घेऊन आली होती. हेडसरांनी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच वाटलं होतं.

"पोती काढली तर नुसत्या रेघोट्या. मला वाटलं, पोरांनी भिंत खरडून ठिवली. म्हनलं, मारा चुना." तिनं मनगट चोळलं. तिथं पातेल्याच्या काठानं भाजल्याचा लांब डाग आहे, मी लहान असल्यापासून. "मारत मारत हितवर आले. आन् माझाच हात दिसला."

भिंतीवरच्या हातात डाव होता. उजेडानं उजळलेल्या मनगटावर मी तो डाग काळा राखला होता.

"तुला कसं कळलं तुझा हाय म्हणून?"

"माझा डाग मला कळत न्हाय व्हय गं."

ती काल तिथं किती वेळ बसली असेल, ते मी विचारलं नाही. एवढं कळलं की ब्रश तिनं काल ठेवला तो आजही उचलला नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं एक काम अर्धं सोडलं होतं.

"तुझी पोरं म्या पुसली, क्षमा," ती म्हणाली. "आता तूच सांग. आकराला तपासनी हाय. ही बी पांढरी करू का?"

तिला खरंच उत्तर हवं होतं. चौदा वर्षांचा शेरा तिला पुसायचा होता, आणि तिचं स्वतःचं तोंड तिथं होतं. दोन्ही एका ब्रशाच्या अंतरावर. आणि ती मला विचारत होती.

"नको," मी म्हटलं. "मी बोलते हेडसरांशी."

"तू?"

ती हसली नाही, पण भुवई वर गेलीच. मलाही स्वतःचं ऐकून जरा आश्चर्य वाटलं. पण म्हटलं होतं तर म्हटलं होतं. यात खोडरबर नाही.

उमाशंकर सर यायला अर्धा तास होता. मी चुलीतला एक कोळसा उचलला. काजळीवर चुना पुरता बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. वाळत आला तसं खालचं काळं पिवळसर डागांसारखं वर येत होतं. जिथं मी खरवडलं होतं तिथं डाग नव्हता. म्हणजे नीट बघितलं की डागांच्या मधोमध पोरं उभी होती, पांढऱ्यावर पांढरी. मी कोळशानं त्यांच्या कडा ओढायला लागले. शहाण्णव जमणार नव्हती. किती जमतील तेवढी. पण सगळ्यात आधी मी रांगेच्या तोंडाशी, डावाच्या बरोबर खाली, एक नवीन पोरगी काढली. दोन वेण्या, हातात ताट, तोंड पूर्ण दिसणारं. एकसष्टावी आता पहिली झाली होती.

*

सर सगळा वर्ग घेऊन शेडात आले. वृषालीचा मोर झाला होता, दिग्विजयची पवनचक्की फिरली होती आणि एक पातं उडून फळ्याला लागलं होतं, हे मला नंतर कळलं. मागून हेडसरही आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की चुना अर्धाच मारलाय.

"हे काय?" हेडसर आईला म्हणाले. "अहो बाई, एवढं केलंत तर ही भिंत का ठेवली? अजून वेळ आहे, मारून घ्या."

आई उठली. तिचा हात ब्रशाकडं गेला.

"सर, त्याआधी तिला बोलू द्या," उमाशंकर सर हेडसरांना म्हणाले. "तिची परीक्षा आहे."

मी भिंतीशेजारी उभी राहिले. हात काळे, गणवेशावर चुना. सगळे बघत होते, आणि आई जमिनीकडं बघत होती. मी पहिलं वाक्य बोलले ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी कानामागं हात लावला. मग मी मोठ्यानं बोलले. एवढं मोठ्यानं, की बाहेर नळावर पाणी पिणारी सहावीची पोरं दारात आली.

"ही माझी आई आहे. हिचं नाव दैवशाला. मी पाच महिन्यांची होते तेव्हापासून ही इथं शिजवती. ह्या भिंतीवर जे काळं आहे ते घाण नाही, ते तिच्या कामाचं आहे. मी ते रंगवलेलं नाही, मी फक्त राखलंय. शाळेत मी चार वर्षं हिला मावशी म्हणाले. तिनं सांगितलं होतं म्हणून, आणि मला लाज वाटायची म्हणून पण. आजपासून नाही म्हणणार."

मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी भयंकर बोलणार.

"मग?" दिग्विजय म्हणाला. "आमाला ठावं हाय की. सगळ्या शाळंला ठावं हाय. तू हुबेहूब मावशीवानी दिसतीस."

सगळा वर्ग फुटला. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चार वर्षं जपलेलं माझं गुपित सगळ्या गावाला माहीत होतं, एक माझं तोंड सोडून. दिग्विजय तोवर भिंतीपाशी जाऊन रांगेत बोट फिरवत होता. "ह्यात आमचा काका कुठला?" मी दाखवला. त्यानं तो नीट बघितला आणि म्हणाला, "काकाचं कान मोठं हायती." मी कोळशानं कान मोठे केले.

हेडसर मात्र हसत नव्हते. त्यांनी भिंत डावीकडून उजवीकडं बघितली, मग आईच्या हाताकडं बघितलं, मग पुन्हा भिंतीवरच्या हाताकडं.

"आणि आहाराचा तक्ता कुठं लिहायचा?" शेवटी ते म्हणाले.

"तीन भिंती पांढऱ्या आहेत, सर," मी म्हटलं. "मीच लिहून देते."

उमाशंकर सरांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. श्रेणी त्यांनी नंतर वहीत लिहिली. ती काय होती ते मी सांगणार नाही, पण तिच्या वरची श्रेणी शोधून सापडली नसती.

अकराला तपासणी झाली. खिचडीची चव चांगली निघाली. भिंतीसमोर तपासणीच्या मॅडम थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि वहीत त्यांनी भिंतींच्या रकान्यापुढं काहीच लिहिलं नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो रकाना कोरा राहिला. आईनं वही दोनदा उघडून बघितली.

पण त्याआधी, साडेनऊला, सुट्टीची घंटा झाली होती. रांग लागली. मी माझं ताट घेऊन उभी राहिले आणि नंबर आल्यावर, मागं पुढं न बघता, म्हटलं, "आई, वाढ."

आईनं मान वर केली नाही. मनगटावरच्या डागावर चुन्याचा एक ठिपका अजून तसाच होता. तिनं डाव भरला, पातेल्याच्या काठाला निपटला आणि सगळ्यांना वाढते तेवढंच माझ्या ताटात वाढलं. एक शीतही जास्त नाही.

"सरक पुढं, बाई," ती म्हणाली. "मागं लाईन थांबलीय."